इतर कामे

फॉर्मवर पहिला रकाना: अध्यापन, आठवड्याचे तास सोळा.
तो भरायला मिनिट पुरतं.
त्याखाली बोटभर ओळ: इतर कामे.
एवढ्या जागेत माझं आडनावही मावत नाही,
मी बांदिवडेकर.

तरी लिहायला बसते.
प्रवेश समिती. कॅन्टीन समिती,
वड्याच्या तेलावर दोन बैठका.
रॅगिंगविरोधी समिती, जिथे एकही तक्रार आली नाही
आणि ती का आली नाही याचा अहवाल मीच लिहिला.
निवडणुकीचं काम, मानखुर्दच्या जिन्याजिन्यांतून.
पेपर तपासणी.
आणि निकष पाच.

निकष पाच तुम्हीच करू शकता, मॅडम,
असं प्राचार्य म्हणाले.
या वाक्याला नाही म्हणायला जागाच नसते.
परुळकर सरांना कुणी असं म्हणत नाही.
सरांना कॉम्प्युटर जमत नाही.
बावीस वर्षं जमत नाहीये.

निकष पाचला पुरावा लागतो,
प्रत्येक कार्यक्रमाचा फोटो, फोटोवर अक्षांश-रेखांश:
चेंबूर, एकोणीस अंश उत्तर, बहात्तर अंश पूर्व.
वृक्षारोपणाचा फोटो आहे.
रोप नंतर गेलं.
मी वनस्पतीशास्त्राची, मला ते विचारू नका.

सोमवारी साडेचारला स्टाफरूमच्या दारात
हर्षाली तांडेल, एस.वाय.ची, ट्रॉम्बे कोळीवाड्यातली.
रुमालात गुंडाळलेलं तिवराचं पान.
मॅडम, ह्याला घाम येतो काय?
पहाटे बाबाच्या होडीतून बघितलं,
पानावर मीठ होतं, पांढरं, चिमटीत येईल एवढं.

अशा एखाद्या प्रश्नासाठी माणूस शिक्षक होतो.
मी घड्याळ पाहिलं.
उद्या ये गं, आत्ता बैठक आहे.
बैठक विद्यार्थीकेंद्री अध्यापनावर होती.

तिने पान टेबलावर ठेवलं,
रुमालाची घडी घातली, गेली.

रात्री नऊला पेडणेकर मामा
किल्ल्यांचा जुडगा मुद्दाम वाजवत दोनदा येऊन गेले.
मी पाच-एक-तीनच्या कागदांना भोकं पाडत होते.
खिडकीत खत कारखान्याचा लाल दिवा.
पान हाताला लागलं, कडेला वळत आलेलं.
आजूबाजूला कुणी नाही असं बघून
जिभेला लावलं.

खारट.

क्षारग्रंथी, आकृतीसह, सहा गुण.
अकरा वर्षं शिकवतेय.
चाखलं नव्हतं कधी.
झाड खारं पाणी पितं, दुसरं मिळतच नाही त्याला,
आणि नको तेवढं पानातून बाहेर टाकतं.
स्टाफरूमला ही सोय नाही.

मंगळवारी समिती आली. शाल, श्रीफळ, काजूकतली.
अध्यक्षांनी फाईल उघडली तर मध्येच पान,
खुणेला ठेवलेलं, मीच विसरलेलं.
ये क्या है?
परुळकर सर तत्परतेने म्हणाले, पर्यावरण उपक्रम, सर.
अध्यक्षांनी मान डोलावली.
जिओटॅग?

मी म्हटलं, नाही.
त्यांनी काहीतरी टिपून घेतलं.

हर्षाली त्या दिवशी आली नाही.
बुधवारी नाही. गुरुवारी मी हजेरीत तिच्या नावापुढे
'गै' लिहिलं आणि पेन थोडं अडखळलं.
शुक्रवारी आली, शेवटच्या बाकावर.
तास संपल्यावर सगळे पांगले, ती दप्तर आवरत राहिली,
एक चेन चार वेळा लावत.

मॅडम, बैठक संपली तुमची?

टोमणा नव्हता. तिला खरंच माहीत करून घ्यायचं होतं.

संपली, म्हटलं.
साडेअकराला दुसरी होती.
वीस मिनिटं होती अजून.
पुढे ये, बस, म्हटलं,
आणि टेबलाच्या खणात खडू शोधायला लागले.
खणात सगळं होतं, स्टेपलर, पंच, तीन रंगांचे टॅग.
खडू मिळेना.